सुटीतील गणित : रोजची वीस मिनिटे



गुजरातेतील प्राथमिक शाळांना उन्हाळ्यात सुमारे ३५ दिवसांची सुटी असते. सुरत शहरातील नवागाम, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली आणि आता तेथलीच होऊन गेलेली मराठी कुटुंबे फार मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई आणि साड्यांचा बाजार यांवर त्यांचा संसार चालतो. त्यांतील पुष्कळ मुले नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळांत शिकतात. सुटी लागली, की उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीने ही मंडळी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे निघतात. लग्नसराई असते, आजोळ असते, आंबे असतात. हे सर्व मुलांना मिळालेच पाहिजे. सुटी ही सुटीच राहावी, असे मानूनच मी आज चार शब्द सांगणार आहे.

जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा चौथीच्या वर्गास ४०२ मधून १५७ वजा करावयास सांगावे. काही वह्यांत ३५५ असे उत्तर हमखास सापडते. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो. मधल्या शून्यापुढे हातचा कसा घ्यावा हे तो विसरलेला असतो. खरे उत्तर २४५. पाचवीच्या मुलास ६१५ ला ३ ने भागावयास द्यावे, तर तो २५ लिहून मोकळा होतो. भागाकारातील शून्य सुटीत कोठे तरी हरवलेले असते. एप्रिलमध्ये याच मुलांनी हीच उदाहरणे बिनचूक सोडविलेली असतात. तेव्हा दोष बुद्धीचा नव्हे, सवय मोडल्याचा आहे.

वाचन सुटीतही आपोआप होत राहते. दुकानाची पाटी, गाडीवरील नाव, वर्तमानपत्राचा तुकडा डोळ्यांपुढे येतोच. हातच्याची वजाबाकी मात्र कोणी रस्त्यात मांडून ठेवीत नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा ३९ अभ्यासांचा एकत्र विचार केला. उन्हाळ्याच्या सुटीत मुले सरासरीने सुमारे एक महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे पडतात आणि ही घसरण वाचनापेक्षा गणितात अधिक असते, असे त्यांना आढळले. पुढील संशोधकांनी या आकड्यांबद्दल वाद घातला आहे आणि ती सुटीही आपल्या सुटीहून बरीच लांब. परंतु जूनच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकास त्यातील मुख्य गोष्ट नवी वाटणार नाही.

हे नुकसान लहान दिसते, पण ते तेथेच थांबत नाही. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार भारताच्या ग्रामीण भागात पाचवीतील शंभरांपैकी सुमारे ३१ मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आले. ही पाहणी खेड्यांची आहे, सुरतेची नव्हे, हे लक्षात ठेवावे. तरीही त्यातील इशारा आपल्याला लागू पडतो. ज्यास भागाकार येत नाही त्यास अपूर्णांक येत नाहीत. ज्यास अपूर्णांक येत नाहीत त्यास शेकडेवारी व व्याज कळत नाही. मग सातवी-आठवीत मूल म्हणू लागते, “गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.” ज्या वस्तीत लूमखात्याचे दार शाळेच्या दाराइतकेच जवळ असते, तेथे हे वाक्य फार महाग पडते.

यावर एखादे वडील म्हणतील, “गुरुजी, आमचा पोरगा भाजीच्या गाडीवर सगळा हिशेब तोंडी करतो. त्याला आणखी गणित कशाला?” प्रश्न योग्य आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्यात होते. ही मुले गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब मनातल्या मनात अचूक करीत. पण त्याच प्रकारचे उदाहरण शाळेच्या पद्धतीने कागदावर दिले, की बहुतेक अडखळत. उलट, शाळेत जाणारी पण बाजारात काम न करणारी मुले कागदावर बरी ठरत आणि बाजारी हिशेबात गोंधळत. म्हणजे तोंडचा हिशेब आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतला आपोआप बाजारात जात नाही. दोहोंमध्ये पूल बांधावा लागतो. तो बांधण्यास सुटीसारखा काळ नाही.

हा पूल कसा बांधावा? घरातलीच वस्तू घ्यावी. एका साडीस साडेपाच मीटर कापड लागते, तर आठ साड्यांस किती? मूल तोंडी म्हणेल : आठा पाचे चाळीस, आणि आठ अर्धे म्हणजे चार, एकूण चव्वेचाळीस. शाबास म्हणावे आणि लगेच म्हणावे, “आता हेच वहीत मांडून दाखव.” ५.५ गुणिले ८ बरोबर ४४ असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले, की दशांश चिन्ह त्यास परके राहत नाही. दुधाचा दर लिटरला ६० रुपये असेल, तर पाऊण लिटराचे किती? समजा, वडिलांचा रोज ५२० रुपये आहे, महिन्याचे दिवस २६ आणि खाडे ३. पगार किती? एकदा २३ ला ५२० ने गुणावे. दुसऱ्यांदा २६ दिवसांचे १३,५२० रुपये काढून त्यातून तीन दिवसांचे १,५६० वजा करावेत. दोन्ही वाटांनी ११,९६० हेच उत्तर येते. असे उत्तर पडताळून पाहणारा मुलगा मोठेपणी आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर डोळे मिटून सही करणार नाही.

पाढ्यांविषयी थोडे सांगतो. आपल्याकडे दिवेलागणीस परवचा म्हणण्याची रीत होती. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही मुले म्हणत. सारी पोपटपंची पुन्हा आणावी, असे माझे म्हणणे नाही. पण बारापर्यंतचे पाढे जिभेवर असले म्हणजे भागाकार करताना मन मोकळे राहते. गावी आजोबा असतील तर त्यांना पाऊणकी विचारावी. नातवाने विचारले, तर त्यांनाही बरे वाटेल.

सुरतेच्या मराठी मुलास आणखी दोन अडचणी असतात. पहिली संख्यांच्या नावांची. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणतीस’ ऐकून मूल कधी ३९ लिहिते, कारण त्याच्या कानास तीस ऐकू येते. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस पाच’ अशी पर्यायी रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण दाखवूनच त्या रीतीचे समर्थन केले होते. रीत कोणतीही पत्करा, अडचण खरी आहे. दुसरी अडचण अंकांच्या आकृतींची. बाहेर पाट्या गुजराती. तेथील पाचाचा अंक आपल्या ‘प’ अक्षरासारखा दिसतो. म्हणून सुटीत रोज दहा संख्या तोंडी सांगून लिहवून घ्याव्यात. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणऐंशी यांचा त्यात अवश्य समावेश असावा.

प्रवासातही अभ्यास आहे. उधना ते जळगाव अंतर सुमारे ३०६ किलोमीटर. गाडीस सहा तास लागले तर तासाला किती? ५१. तिकिटाचे पैसे, स्थानकांच्या वेळा, दोन स्थानकांमधील मिनिटे, हे सर्व गणितच होय. मूल खिडकीशी बसून उत्तर देते आणि त्यास शिकविल्यासारखेही वाटत नाही.

आता पालकांना चार सूचना. वेळ रोज वीस मिनिटांहून अधिक नको. पण खंड नको. शेवटच्या आठवड्यात रोज तीन तास बसविण्यापेक्षा पस्तीस दिवसांची वीस-वीस मिनिटे अधिक टिकतात. नवे काही शिकवू नये. येते तेच पक्के करावे. गणित शिक्षा म्हणून देऊ नये. “खोडी केलीस, आता शंभर गणिते कर” असे म्हटले, की गणिताशी वैर जन्माचे होते. आणि मोबाईलवरील गणकयंत्र उत्तर काढण्यास नव्हे, काढलेले उत्तर तपासण्यास द्यावे.

पुष्कळ माता म्हणतात, “मी शिकलेली नाही, मी काय पाहणार?” ज्या माउलीला घरी बसून साडीवर टिकल्या लावल्यावर नगावारी मजुरीचा हिशेब बरोबर समजतो, तिला गणित येत नाही, असे कोण म्हणेल? तिने उत्तर तपासू नये; फक्त शेजारी बसून विचारावे, “हे तू कसे केलेस, मला सांग.” ६१५ भागिले ३ म्हणजे २५ असे सांगताना मुलगा स्वतःच थबकेल, कारण २५ तिरी ७५ होतात हे त्यास ठाऊक असते. जेथे तो थबकला, तेथे त्याचे शिकणे सुरू झाले.

चाळीस पानी एक वही आणि एक पेन्सिल, एवढेच सामान गाठोड्यात बांधा. रोज एक पान, वर तारीख. जूनमध्ये ती वही वर्गशिक्षकांना दाखवा. पहिल्या आठवड्यात कोणत्या मुलाने कोठे अडखळायचे थांबविले आहे, हे त्यांना तिच्यावरून कळेल आणि पुढचा धडा त्यांना वेळेवर सुरू करता येईल.