महाल, महालातल्याच माणसासोबत

नागपूरचा महाल हा जुना भाग पाहायचा तर सोबतीला महालातलाच जाणता माणूस घ्या. पाटीवर 'गांधी गेट' असतं, तो 'जुम्मा दरवाजा' म्हणेल. गांधीसागर त्याच्या तोंडी शुक्रवारी तलावच. बख्त बुलंद शाहाने वसवलेलं हे शहर पुढे भोसल्यांची राजधानी झालं, एवढं पुस्तकातही सापडतं हो! पण चिटणवीस वाड्यातलं लाकडी कोरीवकाम कुणीतरी बोटानेच दाखवावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक! काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते. एरवी सकाळी सातलाच निघा. तर्रीपोहे तो सांगेल त्याच ठेल्यावर खा, आणि तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, मात्र बेतानं.