वळणावरची गाडी आणि पोटाखालचा आडवा रॉड



औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने 2001 मध्ये ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. 2004 मध्ये याच गाडीची आरएस ही तेज आवृत्ती बाजारात आली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि 150 अश्वशक्ती. पुढे चाकणला फोक्सवॅगनची पोलो तयार होऊ लागली. 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो निघाली, 145 अश्वशक्तीची. कंपन्यांनी यांतल्या बहुतेक गाड्या केव्हाच बंद केल्या. पण वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्यांना अजून मागणी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती पडलेल्या अशा गाड्या आता महानगरांपुरत्या उरलेल्या नाहीत, आपल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत.

अशी गाडी घरी आली की हौशी मालक आधी अलॉय चाकं पाहतो, मग सायलेन्सर पाहतो, आणि कधीतरी त्याच्या कानावर येतं की जाड स्वे बार टाकला तर गाडी वळणावर रस्ता सोडत नाही. सांगणाऱ्याचं पूर्ण खोटं नसतं. पण या एका सुट्या भागाइतका न पाहता, न मोजता मागवला जाणारा दुसरा भाग सापडणं अवघड. म्हणून आजचं बोलणं त्याच्याविषयी.

स्वे बार म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा, दोन्ही टोकांना वाकवलेला एक लांब रॉड. पुस्तकांत त्याला अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर म्हणतात, गॅरेजात बॅलन्स रॉड. त्याचा मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये बसवून पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला आवळलेला असतो. दोन्ही टोकं लहान लिंकांनी डाव्या आणि उजव्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. या लिंकला आपल्याकडचे मिस्त्री जंपिंग रॉड म्हणतात. कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमन याला अशा रॉडचं पेटंट 22 एप्रिल 1919 रोजी मिळालं. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी मूळ कल्पना तीच आहे.

तिचं काम समजून घ्यायला आपल्या रस्त्यांसारखी दुसरी शाळा नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घातलेल्या गतिरोधकावरून गाडी गेली की पुढची दोन्ही चाकं एकदमच उचलली जातात. तेव्हा हा रॉड बुशांमध्ये नुसता फिरतो, काहीच करत नाही. डावं चाक एकटंच खड्ड्यात गेलं की रॉडचं एक टोक खाली आणि दुसरं वर राहतं, रॉडला पीळ बसतो आणि तो पीळ उलगडायला धडपडतो. वळणावरही हेच घडतं. बाहेरच्या बाजूची स्प्रिंग दबते, आतल्या बाजूची सैल होते, रॉड पिळला जातो आणि त्या पिळाच्या जोरावर गाडीचं अंग कमी कलतं.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढची गोष्ट मात्र बार विकणारे क्वचितच सांगतात. वळणावर आतल्या चाकांवरचा जो भार बाहेरच्या चाकांवर जातो, तो एकूण भार बार बसवून जवळजवळ कमी होत नाही. तो ठरतो गाडीच्या वजनावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर, डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर आणि वळणाच्या वेगावर. बार फक्त एवढंच ठरवतो की या भाराचा जास्त वाटा पुढच्या जोडीने उचलायचा की मागच्या. टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती थोडी कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीचा बार ताठ केला, त्या जोडीची एकूण पकड थोडी घटते. पुढचा बार ताठ केला तर स्टिअरिंग वळवूनही गाडीचं तोंड वळायला कुरकुरतं आणि ती बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. मागचा ताठ केला तर तोंड चटकन वळतं. पण प्रमाण चुकलं तर शेपूट निसटतं.

हा तोल किती महत्त्वाचा आहे, हे अमेरिकेत एका गाडीने साऱ्या जगाला दाखवलं. शेव्हरोले कॉर्व्हेअर 1959 मध्ये, 1960 चं मॉडेल म्हणून बाजारात आली. इंजिन मागे, म्हणजे वजनही मागे, आणि पुढच्या चाकांना हा बारच दिलेला नव्हता. राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहिलं, त्याचं पहिलं प्रकरण याच गाडीवर आहे. पुस्तक येण्याआधीच, 1964 च्या मॉडेलमध्ये कंपनीने पुढचा बार घातला होता आणि मागच्या सस्पेन्शनमध्येही सुधारणा केली होती. पुढे 1972 मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अहवालाने त्या काळच्या तशाच गाड्यांपेक्षा कॉर्व्हेअर जास्त धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला. वाद कुठेही जाऊन थांबला असो, कारखान्याला हवा असलेला तोल पुढे एक रॉड घालून साधावा लागला, ही गोष्ट उरतेच.

आता आपल्याकडच्या गाड्या घेऊ. ऑक्टेव्हिया, पोलो, पुंटो या सगळ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, ओढायचं काम पुढच्याच चाकांकडे आणि वळायचंही त्यांच्याचकडे. त्यामुळे वेगात वळताना आधी पुढची पकड संपते. कारखान्याने हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण गाडी बाहेर सरकू लागली की सामान्य माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि गाडी सावरते. शेपूट निसटल्यावर सावरणं सगळ्यांना जमत नाही. म्हणजे अशा गाडीत पुढे जाड बार टाकणं हे दुखणं वाढवणं झालं. वर आतलं पुढचं चाक वळणावर हलकं होतं, जागेवर फिरू लागतं आणि इंजिनाची ताकद तिथेच वाया जाते. बदलायचाच असेल तर अशा गाडीत मागचा बार आधी, आणि तोही एकच पायरी ताठ.

पण मागे बार आहे का, हे तर आधी पाहावं लागतं. पोलोला मागे स्वतंत्र बार नसतोच. तिथे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी पोलादी तुळई, जी स्वतःच पिळली जाऊन बारचं काम करते. काही गाड्यांत या तुळईच्या पोटात एक रॉडही दडवलेला असतो. अशा गाडीसाठी तुळईच्या दोन टोकांना बोल्टने बसणारा वेगळा बार मिळतो. ऑक्टेव्हियाच्या तिसऱ्या पिढीत तर एकाच नावाखाली दोन प्रकार आले. 1.4 लिटरच्या पेट्रोल गाडीला मागे टॉर्शन बीम, 1.8 लिटरच्या गाडीला मल्टिलिंक. 2017 ची 230 अश्वशक्तीची आरएससुद्धा मल्टिलिंकवाली. नुसतं ‘ऑक्टेव्हियाचा मागचा बार’ असं सांगून माल मागवला तर तो परत पाठवायची वेळ येऊ शकते.

ओळख पटवायची ती गाडीखाली शिरूनच. गाडी रॅम्पवर किंवा गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यावी, चिखल धुऊन काढावा आणि बारवर कुठे कागदी लेबल, कोरलेला क्रमांक किंवा रंगाचे ठिपके दिसतात का ते पाहावं. एकाच मॉडेलला कंपनी दोन-तीन जाडीचे बार लावते आणि जुळणी करणाऱ्याला ते ओळखता यावेत म्हणून बऱ्याचदा रंगाच्या खुणा करते. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांत डिक्कीतल्या स्टेपनीच्या खळग्यात किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो. त्याच्यावरच्या तीन-तीन अक्षरी संकेतांवरून गाडीला कारखान्यात कुठलं सस्पेन्शन लागलं ते कळतं.

मग व्हर्निअर कॅलिपर. माप घ्यायचं ते सरळ भागावर, वाकणापासून दूर. वाकताना नळी थोडी चपटते आणि आकडा फसवतो. गंज आणि रंगाचे पापुद्रे घासून काढायचे. एकाच जागी दोन दिशांनी मोजायचं. बार भरीव आहे की पोकळ, हे बाहेरून दिसत नाही. टोकाकडे तो चपटा करून भोक पाडलेलं असतं, तिथे कधी शिवण दिसते. खात्रीचा मार्ग म्हणजे बार काढून वजन करणं आणि कंपनीच्या माहितीशी ताडून पाहणं.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 मिलिमीटरचा भरीव बार काढून 24 चा घातला तर कानाला 2 मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही, पण पीळ सोसण्याचा ताठरपणा 42 टक्क्यांनी वाढतो. 26 चा घातला तर जवळजवळ दुप्पट. पोकळ बारचं गणितही ऐकण्यासारखं आहे. बाहेरून 26 आणि आतून 18 मिलिमीटर व्यासाची नळी 24 च्या भरीव बारपेक्षा किंचित जास्तच ताठ असते आणि वजनात सुमारे 40 टक्के हलकी. पोलादाच्या गाभ्याचं काम कमी, बाहेरच्या थराचं जास्त, म्हणून हे साधतं. ‘खास पोलाद, म्हणून जास्त ताठ’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावं. चांगलं पोलाद लवकर तुटत नाही, थकत नाही, हे खरं. पण ताठरपणाच्या बाबतीत सगळी पोलादं जवळपास सारखी. फरक पडतो तो व्यासाने, लांबीने आणि आकाराने.

काही बारच्या टोकांना दोन किंवा तीन भोकं असतात. लिंक टोकाकडच्या भोकात लावली तर बाहू लांब आणि बार मऊ, आतल्या भोकात लावली तर बाहू आखूड आणि बार ताठ. बाहू 250 मिलिमीटरवरून 225 वर आणला तर ताठरपणा सुमारे 23 टक्क्यांनी चढतो. पहिल्यांदा बार घेणाऱ्याने असा, भोकं असलेलाच घ्यावा. चुकलं तर पान्याने सुधारता येतं, पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांचा प्रश्न. पुण्या-मुंबईच्या द्रुतगती मार्गावर जो बार शोभतो तो इथे शोभेलच असं नाही. या जिल्ह्यात काळी कसदार माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर खाली-वर होतो, त्याला लाटा येतात, कडा खचतात. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला लागलं की डावं चाक एका उंचीवर आणि उजवं दुसऱ्या, अशी गत होते. ताठ बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही बसतो. गाडी डोलत नाही, पण डावी-उजवी डोकं हलवल्यासारखी झटके देते. ओल्या रस्त्यावर आतलं चाक टेकायचं तेव्हा टेकत नाही.

याच कारणासाठी रांजणगावला 2021 पासून जुळवल्या जाणाऱ्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत बटण दाबून पुढचा स्वे बार सोडवायची सोय आहे. दगडगोट्यांत चाकांना मोकळं सोडायचं आणि डांबरी रस्त्यावर पुन्हा जोडून घ्यायचं. आडवाटेसाठी नावाजलेल्या गाडीची ही सोय पाहिली की ‘जितका ताठ तितका बरा’ ही समजूत मनातून जावी.

बार मागवण्याआधी गाडीचं जुनं दुखणं तपासावं. खराब रस्त्यावर हळू चालताना पुढून टक-टक आवाज येत असेल, तर बहुधा जंपिंग रॉडचे बॉल जॉइंट किंवा बारचे बुश गेलेले असतात. ते तपासताना एकच चाक जॅकवर उचलू नये. तेव्हा बारला पीळ बसून लिंक ताणली जाते आणि ढिलाई हाताला लागत नाही. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर ठेवून लिंक हाताने हलवून पाहावी. शॉकअप गळत असतील, टायर कडक झाले असतील, तर बारवर खर्च करणं म्हणजे पैसे पाण्यात. नव्या लिंक, नवे बुश आणि चांगले टायर एवढ्यावरच निम्म्या गाड्या समाधानाने चालू लागतील.

कायद्याचीही आठवण ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तिकेत आलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. बारची जाडी नोंदणीपुस्तिकेत लिहिलेली नसते. तरीही परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्यावं. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नाही.

बसवताना दोन गोष्टी जपाव्यात. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर त्यांना बारसोबत आलेलं सिलिकॉन ग्रीस लावावं. ते कोरडे राहिले तर चिरकतात. आणि लिंक शेवटच्या आवळायच्या त्या गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी असताना. गाडीची उंची कमी केलेली असेल तर लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या लिंक लागतात, म्हणजे सरळ उभ्या गाडीत बारला आधीच पीळ बसलेला राहत नाही. सुरुवात सगळ्यात मऊ भोकापासून करावी, चारही टायरांत हवा कंपनीने सांगितली तितकीच ठेवावी आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पट्ट्यांचे व लिंकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. त्याहून ताठ भोक वापरायचं की नाही, ते एक पावसाळा त्या गाडीत काढल्यावर ठरवावं.