आडवी पडलेली पंगत

पत्रिकेत विषय ‘घरशाळेतील कलाशिक्षण’ असा भारदस्त छापलाय. बत्तीस वर्षं मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. म्हणजे पोरं घरीच शिकायला लागली तर पहिली गदा आमच्यावरच. तरी बोलायला उभा राहिलोय, कारण निवृत्तीनंतर गेली चार वर्षं दर शनिवारी मी अशाच एका घरी जातो.

त्या घरच्या आईचा पहिला फोन आला तो रडकुंडीला येऊन. “सर, मला साधा आंबा काढता येत नाही, मी मुलांना काय शिकवणार?” मी म्हटलं, ताई, बरंच आहे की. शाळेत मी फळ्यावर आंबा काढायचो. साठ वह्यांत साठ आंबे उतरायचे, सगळे माझेच, देठासकट. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि झोपडी हे चित्रही असंच घरोघरी पोचलंय. ज्यांनी आयुष्यात डोंगर पाहिला नाही, तेही तोच काढतात.

पहिल्या शनिवारी गेलो तेव्हा सात वर्षांच्या धाकटीने मुंजीतली पंगत काढली होती. मधे भलंमोठं गोल, त्यात वाढपी, आणि गोलाच्या कडेने पाय बाहेर करून आडवी पडलेली माणसं. वरच्या बाजूची तर थेट डोक्यावर उभी. पानं मात्र वरून दिसावीत तशी, लिंबाच्या फोडीसह. आईच्या हातात खोडरबर तयारच होता. “सर, माणसं सरळ करून देऊ का?”

मला वारली चित्रं आठवली. आमच्याच डहाणूकडे वारली बायका लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांचा वळसा वरून पाहिलेला, माणसं समोरून पाहिलेली. घार आकाशातून पाहते तसं आणि शेजारी उभा माणूस पाहतो तसं, दोन्ही एकाच भिंतीवर. आपल्या धाकटीने तेच केलं होतं. पंगत गोल आहे हे तिला ठाऊक, माणसांना तोंड-पाय असतात हेही ठाऊक. या वयात मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. खोडरबर मी खिशात घातला आणि तिला विचारलं, “वाढप्याच्या हातात काय आहे?” ती म्हणाली, “मठ्ठा. सांडलाय.” आणि सांडलेला मठ्ठा काढायला बसली.

अर्थात ‘मुलांना मोकळं सोडा’ हा मंत्रही मला पुरता पटत नाही. दहाव्या-अकराव्या वर्षी मूल स्वतःच कागद फाडतं. त्याला हवं तसं दिसत नाही म्हणून. तेव्हा हात बांधून बसणारा मास्तर कुचकामी. थोरल्यापुढे मी स्टीलचा तांब्या ठेवला. तो चिडला. “याला रंगच नाही!” म्हटलं, पेन्सिल ठेव, पाच मिनिटं नुसता बघ. मग हळूहळू निघालं: पोटावर वाकलेली खिडकी, गळ्याशी काळी कुळकुळीत रेघ, बुडाशी सतरंजीचा लाल. “सर, यात मीपण आहे, नाक केवढं!” तांब्या काढायला पुढे दोन शनिवार लागले. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासात हे होत नाही. हजेरीतच सात जातात.

साहित्याचं म्हणाल तर कोळसा, गेरू, वर्तमानपत्रं आणि गणपतीसाठी येते ती शाडू पुरे. शाडूला अंगच्या चुका झाकता येत नाहीत. हात जाड वळला की वाळताना तडा जातो. मातीवरून आठवलं: सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत देवी प्रसाद 1944 पासून कला शिकवत होते, शांतिनिकेतनात शिकलेला आणि मातीत रमलेला माणूस. कला हा फावल्या वेळचा तास नाही, शिक्षणच तिच्यामार्फत व्हावं, असं ते मानत. रंगवायच्या छापील वह्या मात्र घरात नकोत. त्यात पोर रेषेच्या आत राहायला शिकतं, बास.

घरशाळेत एक गोष्ट मात्र नसते: शेजारचा बाक. शाळेत पोरं माझ्याकडून कमी आणि शेजाऱ्याच्या वहीत डोकावून जास्त शिकायची. म्हणून त्या आईने आता वाड्यातली आणखी चार पोरं शनिवारी बोलावलीत. भांडणं होतात, रंग सांडतात.

चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’, ‘इंटरमिजिएट’ परीक्षांचं काय, हा प्रश्न येणारच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांत वाईट काहीच नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी महिनाभरात उरकतात ते वाईट. थोरला यंदा बसेन म्हणतोय. सरावाला वस्तू काय मांडू विचारलं, तर म्हणाला, “तांब्या सोडून काहीही.”