कर्जवही आणि शिलाईची टेप



गेल्या महिन्यात गटाची कर्जवही चाळत होते. शिलाई मशीन, शेळी, सुक्या मासळीचा माल, ही कारणं नेहमीचीच. पण मधेमधे एकच शब्द सारखा दिसला, औषधपाणी. कुणाची साखर, कुणाचं प्रेशर, कुणाचे गुडघे. धंद्यासाठी जमवलेला पैसा दवाखान्यात चाललाय. म्हणून आज वजनाबद्दल बोलते.

आपल्याकडे बाई अंगाने भरली की म्हणतात, सुखात आहे हो! जाडेपणा शहरातल्या बायकांना, असंही वाटतं. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या खेड्यांतही पाचातल्या जवळजवळ एका बाईचं वजन जास्त निघालं. त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे अंग भरलेलं दिसलं तरी बाई सशक्त असतेच असं नाही.

आपल्या आया-सासवा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायच्या, लावणी-कापणी करायच्या. आता बंदरावर टेम्पो येतो. अलिबागकडे कितीतरी शेतांत बंगले उभे राहिले. कष्ट कमी झाले, पण ताटातला भात तेवढाच राहिला. वर गोड चहा, वेफरची पाकिटं, आणि "टाकायचं कशाला" म्हणून आपणच संपवलेलं उरलंसुरलं.

पोटावरची चरबी सगळ्यात वाईट. तिच्यामुळे साखर आणि रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. वजनाने गुडघे झिजतात. गरोदरपणी साखर वाढण्याचा धोका असतो, पाळी गेल्यावर स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचाही.

घरातली शिलाईची टेप घ्या. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. आशाताई तिशीनंतरच्या माणसांचा फॉर्म भरतात, त्यातही कंबरेचं माप असतं. आमच्या बैठकीत मी आधी स्वतःची मोजली. ८८ भरली! सगळ्या हसल्या, मीही हसले. मग एकेक जण पुढे आली.

उपाशी मात्र राहू नका. उपासाची साबुदाणा खिचडी खाऊन तर वजन मुळीच उतरत नाही. भात एक मूद कमी करा, त्या जागी डाळ, पालेभाजी घ्या. बांगडा, तारली तळण्यापेक्षा कालवणात घाला. दिवसाला मीठ एक चमचाच, आणि त्यात सुकट, पापड, लोणच्यातलंही मीठ धरायचं. रोज अर्धा तास भरभर चाला. घरकाम झालं म्हणजे चालणं झालं, असं नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि प्रेशर तपासून घ्या. तिथे पैसे पडत नाहीत. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

आणि एक विनंती. कुणाच्या अंगावरून तिला चिडवू नका. चिडवलं की बाई बैठकीला यायचीच बंद होते. तिला म्हणा, चल गं, संध्याकाळी बंदरापर्यंत जाऊन येऊ.

पुढच्या बैठकीला हप्त्याबरोबर टेपही आणा.