प्रश्न कोणाला विचारायचा?



या सभागृहात येताना आपण किती पायऱ्या चढलो, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय? मी आज मुद्दाम मोजल्या. रस्त्यापासून दारापर्यंत सात, आणि खालून या व्यासपीठावर यायला आणखी चार. ज्याला चढता येते तो पायऱ्या मोजत नाही. त्या मोजतो ज्याला चढता येत नाही तो. आणि तो आज येथे नाही. त्याच्याविषयी बोलायला मात्र आपण सारे जमलो आहोत. आजच्या विषयातील अवघड जागा नेमकी हीच आहे, म्हणून आरंभीच तिच्यावर बोट ठेवतो.

अपंगांविषयी आस्था बाळगणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नाही. त्यांच्याविषयी संशोधनही पुष्कळ होते. परंतु या संशोधनात प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि दोष कोठे शोधतो, यावर सर्व काही अवलंबून असते. हे मला एका खऱ्या हकीकतीच्या आधारे सांगायचे आहे. ती इंग्लंडातली आहे. पण ऐकताना ती परकी वाटणार नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लेनर्ड चेशायर नावाच्या एका नामवंत वैमानिकाने १९४८ मध्ये हँपशायर परगण्यात 'ले कोर्ट' या आपल्या वास्तूत असाध्य रोगाने खिळलेल्या माणसांसाठी आश्रम काढला. हेतू उदात्त होता यात शंका नाही. पुढे अशी आश्रयस्थाने देशोदेशी निघाली. आपल्याकडे मुंबईत अंधेरीलाही १९५० नंतरच्या दशकात निघाले. या 'ले कोर्ट'मध्ये पॉल हंट नावाचा एक तरुण राहत होता. १९३७ चा जन्म, स्नायू हळूहळू दुबळे करीत जाणारा विकार, आणि चाकाची खुर्ची हेच वाहन. शरीर असे, पण बुद्धी तल्लख आणि लेखणी धारदार.

तो आणि त्याचे सोबती काय मागत होते? रात्री केव्हा निजायचे हे आपले आपण ठरवावे. बाहेर जाताना कोणाची परवानगी काढावी लागू नये. स्त्री-पुरुषांच्या मैत्रीत व्यवस्थापकांनी नाक खुपसू नये. तुमच्या आमच्या घरात ज्या गोष्टी मागाव्याच लागत नाहीत, त्यांच्यासाठी या प्रौढ माणसांना भांडावे लागत होते. हे भांडण थकवणारे होते. म्हणून १९६२ च्या सुमारास त्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील संशोधकांना स्वतः होऊन बोलावले. निःपक्षपाती विद्वान येतील, आपली बाजू पाहतील आणि जगापुढे मांडतील, अशी त्यांची आशा होती.

विद्वान आले. एरिक मिलर आणि जेराल्डीन ग्विन यांनी सरकारी साहाय्याने अनेक आश्रम पाहिले आणि १९७२ मध्ये आपले पुस्तक प्रसिद्ध केले. आश्रमांच्या रीती त्यांनी दोन प्रकारच्या सांगितल्या. एक कोठाराची : माणसाला खाऊपिऊ घालून, औषधपाणी करून नीट ठेवून द्यायचे. दुसरी बागाईतीची : त्याच्यातले गुण रोपासारखे वाढवायचे. इथवर ठीक होते. परंतु या दोहोंच्या मुळाशी त्यांनी एक निष्कर्ष ठेवला. या माणसांना समाजाने जिवंतपणीच मृत ठरवले आहे; तेव्हा या सामाजिक मृत्यूपासून शरीराच्या मृत्यूपर्यंतचा प्रवास सुसह्य करणे हेच आश्रमाचे काम होय!

श्रोतेहो, ज्यांनी विश्वासाने बोलावले त्यांच्या पदरात हे पडले. समाजाने तुम्हाला मेलेले ठरवले, हे विद्वानांनी बरोबर ओळखले. पण असे ठरवण्याचा समाजाला अधिकार काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. निकाल कायम धरून त्यांनी फक्त तुरुंगाची व्यवस्था सुधारायला घेतली. हंट यांनी पुढे एका जळजळीत लेखात अशा संशोधकांना बांडगुळे म्हटले. त्यांचे म्हणणे असे की, पीडित आणि पीडा देणारी व्यवस्था यांच्यामध्ये तटस्थ उभे राहण्याचा आव आणणारा माणूस तटस्थ नसतो. तो व्यवस्थेच्या बाजूनेच उभा असतो. हा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९८१ मध्ये छापला गेला. ते स्वतः १९७९ मध्येच गेले होते.

पण हंट केवळ रागावून बसले नाहीत. सप्टेंबर १९७२ मध्ये 'गार्डियन' पत्रात त्यांनी एक पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून अपंगांची स्वतःची एक संघटना उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतून आलेले विक फिंकेलस्टाइन हे तिचे दुसरे आधारस्तंभ. वर्णद्वेषाविरुद्ध लढल्याबद्दल त्यांनी तेथे तुरुंगवास भोगला होता आणि तेही चाकाच्या खुर्चीत बसत. या संघटनेने १९७६ मध्ये एक साधा पण मूलगामी भेद मांडला. पाय लुळा असणे ही शरीराची उणीव. पण त्या पायाच्या माणसाला शाळेत, कचेरीत, सभेत शिरता न येणे हे अपंगत्व, आणि ते समाजाने लादलेले असते.

फिंकेलस्टाइन यांनी हे समजावण्यासाठी एक गाव कल्पिले होते. त्या गावात सारेच चाकाच्या खुर्चीतले. साहजिकच त्यांनी दारे आणि छते ठेंगणी बांधली. मग तेथे काही धडधाकट माणसे राहायला आली. त्यांची डोकी पदोपदी चौकटींवर आपटू लागली, पाठी वाकल्या, कामे मिळेनात. डॉक्टरांनी तपासले, खास टोपे तयार झाले. आणि तेच टोपे उलटे करून दुकानादुकानांतून त्यांच्यासाठी वर्गणीही गोळा होऊ लागली. शेवटी त्या धडधाकटांच्या लक्षात आले की, दोष आपल्या उंचीत नाही, दारांच्या उंचीत आहे.

यावर कोणी विचारील, शरीराचे दुःख काय खोटे आहे? मुळीच नाही. सांध्यांची कळ उतरण बांधल्याने थांबत नाही, आणि दुबळा होत जाणारा स्नायू कायद्याने बळकट होत नाही. हा आक्षेप पुढे अपंग लेखिकांनीच घेतला, आणि तो रास्त आहे. औषध हवे, उपचार हवेत. परंतु औषधाने न हटणारी कळ सोसणाऱ्या माणसाने वर सात पायऱ्यांचीही शिक्षा का भोगावी?

आता आपल्या घराकडे वळू. १९८१ च्या जनगणनेत अपंगांविषयी प्रश्न होता. १९९१ मध्ये तो वगळला गेला. २००१ मध्ये तो पुन्हा आला, तो अपंगांच्या संघटनांनी आणि जावेद आबिदी यांच्यासारख्या खुर्चीत बसून झुंजणाऱ्या कार्यकर्त्यांनी लावून धरला म्हणून. तेव्हा २ कोटी १९ लक्ष माणसे मोजली गेली; २०११ मध्ये २ कोटी ६८ लक्ष. त्यापूर्वी ही माणसे नव्हती काय? होती, पण ज्याला विचारले नाही तो मोजला जात नाही, आणि जो मोजला नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाची व्याख्या करताना शरीराच्या उणिवेबरोबर समोर येणाऱ्या अडथळ्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे हंट यांच्या पिढीचा विचार आपल्या कायद्याच्या पोथीत आला. परंतु दाखला मागायला गेलेल्या माणसाचे शरीर टक्क्यांत मोजले जाते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के भरावे लागतात. त्याच्या वाटेतल्या पायऱ्या मात्र कोणी टक्क्यांत मोजत नाही! सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी याच कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. आपल्या गावच्या कचेऱ्या, शाळा आणि हे सभागृह कोठे आहे, ते आपण डोळ्यांनी पाहतोच आहोत.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. तरुणपणीच पायांतले बळ गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली आणि आपले जीवन 'चाकाची खुर्ची' या पुस्तकात स्वतःच्या शब्दांत मांडले. दुसऱ्याच्या अहवालातला आकडा होऊन न राहता आपले आपण सांगणे, याचे याहून चांगले उदाहरण मी काय द्यावे?

तेव्हा माझी विनंती मोठी नाही. गावात नवी इमारत उठेल तेव्हा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, काठी टेकणाऱ्या माणसांना उद्घाटनाच्या दिवशी हार घालायला बोलावू नका. नकाशा काढण्यापूर्वी बोलावा. त्यांना 'तुम्हाला काय झाले आहे?' असे विचारू नका. 'आमचे काय चुकले आहे?' असे विचारा. उत्तर कडू लागले तरी लिहून घ्या.

आणि पुढील वर्षी या मालेच्या चालकांनी एवढे करावे की, या विषयावर बोलायला माझ्याऐवजी ज्याला पायऱ्या मोजाव्या लागतात अशा कोणाला तरी बोलावावे. मात्र निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी त्या अकरा पायऱ्यांचा बंदोबस्त करावा. मी त्या वेळी खाली, आपल्यातच बसून ऐकेन.