पन्नाशीनंतरचा नवा व्यवसाय

(काटेवाडी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



चालकमंडळींनी आम्हांस येथे उभे केले आहे, ते आम्ही कोणी विद्वान आहोत म्हणून नव्हे. नववीपुढे आमची मजल गेली नाही. परंतु वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वतःच्या लाँड्रीला कुलूप लावून दुसऱ्याच्या कारखान्यात कामास लागलेला मनुष्य आपल्या समाजात विरळा, आणि ती गोष्ट चारचौघांत सांगावयास तयार असणारा त्याहूनही विरळा. तेव्हा विषय आमच्यावर ओघानेच आला.

आपण आज ज्या गावी जमलो आहोत, त्या काटेवाडीत परिटाचा मान काय आहे हे नव्याने सांगावयास नको. आषाढात श्रीतुकाराममहाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरच्या वाटेस लागते, तेव्हा वाटेत ह्या गावी आपला समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो. मागाहून धनगर बांधव पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात. सन १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज ह्यांनी पालखीची प्रथा घातली. त्या सोहळ्यात ह्या गावच्या परिटाला आणि धनगराला जागा आहे, आणि ती त्यांच्या धंद्यावरून मिळालेली आहे. ज्याच्याजवळ शुभ्र धोतर तो धोतर अंथरतो, ज्याच्याजवळ मेंढरे तो मेंढरे आणतो. आम्ही लहानपणी वडिलांच्या मागे उभे राहून धोतराचे एक टोक धरीत असू. धोतरावर एकही सुरकुती राहता कामा नये असा वडिलांचा दंडक होता. आणि मग त्याच धोतरावरून हजारो चिखलाचे पाय गेले की त्यांना परमसंतोष होई!

हा एक दिवस झाला. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

आपला धंदा एका दिवसात बुडालेला नाही. बलुत्याचा काळ आमच्या वडिलांनी पाहिला. सुगीला खळ्यावर जावे, पेंढी आणि पायली घ्यावी, लग्नकार्यात नवरानवरीपुढे पायघड्या घालाव्यात आणि वर्षभर गावाचे कपडे धुवावेत. पुढे रोख पैसा आला, तशी आपली माणसे गावचा पाणवठा सोडून बारामती, पुणे, मुंबई येथे लाँड्र्या काढून बसली. टेरिलिन निघाले आणि खळ व भट्टी ह्यांचे काम निम्म्यावर आले. सन १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा बाजारात आल्यावर गृहिणीला सोड्याची आणि रिठ्याची आठवण उरली नाही. मग घरोघरी धुलाईयंत्रे आली. प्रत्येक वेळी आपण म्हणालो, धुणे गेले तरी इस्त्री आहे. आता नव्या पिढीची मुले बिनइस्त्रीचे सदरे घालून कचेरीत जातात, ह्यावर आम्ही काय बोलावे?

ह्यात तरुणांची आम्हांस फारशी काळजी वाटत नाही. ती शिकतात, दुसरीकडे जातात. काळजी आहे ती पंचेचाळीस ते साठ ह्या वयाच्या आपल्या बांधवांची. मुलीचे लग्न व्हावयाचे असते, मुलाचे शिक्षण चालू असते, खांदा दुखू लागलेला असतो आणि दुकानात दिवसाला पंधरा कपडे येतात. असा मनुष्य दुकान बंदही करीत नाही आणि चालवीतही नाही. तो नुसता बसून राहतो. आम्ही स्वतः तसे तीन वर्षे बसलो होतो, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

अशा प्रसंगी व्यासपीठावरून थोरांचे दाखले देण्याची चाल आहे. आपल्या मेळाव्यात श्रीगाडगेबाबांचे नाव निघणे तर स्वाभाविकच. परंतु खरे सांगावयाचे तर बाबांनी १९०५ साली घर सोडले तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती, आणि त्यांनी जे सोडले ते संसारासकट सोडले. आपणांस संसार ठेवून वाट शोधावयाची आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाबांच्या धर्मशाळा आणि शाळा ह्यांची व्यवस्था पाहणारे मिशन १९५२ साली स्थापन झाले, त्या वेळी बाबांनी पंचाहत्तरी गाठलेली होती. हातात खराटा घेऊन फिरणाऱ्या माणसाने त्या वयात संस्थेची घडी बसविली.

आमच्या विषयाला अधिक जवळचा दाखला महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचा. जन्म १८५८ चा. १८९१ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते आणि १९१४ साली निवृत्त झाले. पुढे त्यांच्या हाती जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली, आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. चार वर्षांनी ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी त्याला मिळाली. एकाहत्तराव्या वर्षी हे गृहस्थ विद्यापीठाचे कार्य सांगत परदेशी फिरावयास निघाले! १९५८ मध्ये भारतरत्न आणि १९६२ मध्ये, एकशेचार वर्षांचे होऊन, देहावसान.

हे वाचून आम्हांस उत्साह वाटला, आणि थोडा रागही आला. कारण कर्व्यांच्या मागे वीस-बावीस वर्षांची प्राध्यापकी होती. आपल्या लाँड्रीवाल्याच्या मागे काय असते? दुकानाचे थकलेले भाडे. तरीही पुन्हा विचार करता एक गोष्ट आमच्या मनात ठसली. अण्णासाहेबांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी जे केले ते अगदी नवे नव्हते. विधवा भगिनींसाठी त्यांनी आश्रम काढला तो १८९६ सालीच. शिकविणे, वर्गणी जमविणे, लोकांचे टोमणे खाणे, ही सर्व विद्या त्यांच्या अंगी वीस वर्षे मुरलेली होती. ती त्यांनी नव्या कामास लावली. हे आम्हांस उशिरा कळले. त्याआधी आम्ही एक मोठी चूक करून बसलो होतो.

ती चूक गाईंची. ह्या भागात कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, दूधधंदा घरोघर आहे. शेजाऱ्याच्या गोठ्यात पैसा दिसला, म्हणून आम्हीही कर्ज काढून दोन संकरित गाई आणल्या. आमच्या घराण्यात गाढवे होती, गाई कधी नव्हत्या. वर्षाच्या आत एकीला दगडीचा रोग झाला, तिची दोन सडे गेली, आणि वैरण विकत घेता घेता दुसरीचे दूध त्यातच आटले. दोन्ही तोट्यात विकल्या. दोष गाईंचा नव्हता आणि शेजाऱ्याचाही नव्हता. आम्हांस जे येते ते सोडून, जे दुसऱ्याला येते त्याच्यामागे आम्ही धावलो. घरच्या मंडळींनी त्या वेळी एक शब्दही उणा काढला नाही. मात्र गाठीची पाटली मोडली ती आजही पुन्हा झालेली नाही, हे येथे कबूल करणे आमचे कर्तव्य आहे.

मग एके दिवशी जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका तयार कपड्यांच्या कारखान्यातून आमचा भाचा एक सदरा घेऊन आला. शिवणयंत्राच्या तेलाचा डाग पडलेला. म्हणाला, "मामा, असे ढीगभर कपडे बाजूला पडतात. कोणी साबण लावतो आणि डाग पसरवून ठेवतो." आम्ही डागावर खडूची भुकटी दाबून ठेवली, तेल ओढून घेऊ दिले, मग उलट बाजूने हलक्या हाताने धुतला. सदरा कोरा दिसू लागला. त्यात विशेष काय? हळदीच्या डागाला साबण लागला की तो तांबडा होतो, पण ओला करून उन्हात टाकला की उडतो. रक्ताला गरम पाणी दाखवू नये. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ. हे आपल्या घरातील दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असते. ठाऊक असते म्हणूनच त्याची किंमत आपण कधी केली नाही.

त्या कारखान्यात आम्ही डाग काढण्याच्या आणि अखेरच्या तपासणीच्या कामावर लागलो. पहिले सहा महिने फार जड गेले. अठ्ठावीस वर्षे आम्ही गल्ल्यावर बसलेले; आता गेटावर बोट उमटवून आत जावयाचे, भोंगा झाल्यावर जेवावयाचे. आमच्यावरचा अधिकारी आमच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. तो आम्हांस काका म्हणे, आम्ही त्याला साहेब म्हणू. एकदा रेशमी कापडावर चुकीचे द्रावण घातले आणि कापड जळाले. तेव्हा तो सर्वांदेखत बोलला. त्या रात्री आम्ही दुकानाच्या किल्ल्या पुन्हा काढून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच साहेबाजवळ जाऊन, डब्यांवरील इंग्रजी नावे वाचून दाखवा, असे सांगितले. त्याने रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटे दिली. ती नावे आम्ही मराठीत वहीवर उतरून घेतली. आज त्या वहीवरून चार नव्या मुली काम शिकल्या आहेत, आणि त्यांतील एकही आपल्या ज्ञातीची नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते.

कोणी म्हणेल, हा बापाचा धंदा सोडणे झाले. आमच्या थोरल्या बंधूंनी तसे म्हटलेही, आणि दोन वर्षे ते आमच्या घरी जेवले नाहीत. आमचे उत्तर इतकेच की दुकान सोडले, विद्या सोडली नाही. आषाढात रजा टाकून आम्ही येथे येतो, धोतर आमच्याच हातचे असते. गेल्या खेपेस दुसरे टोक बंधूंनी धरले होते.

आता कामाचे बोलू. पन्नाशीत वाट बदलणाऱ्यास सरकारी नोकरी नाही, वयाची अट आड येते. परंतु सन २०२३ च्या १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत आणि त्यांत धोब्याचा व्यवसाय स्पष्ट नमूद आहे. किमान वय अठरा, वरची मर्यादा नाही. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि तारणाविना प्रथम १ लाख व ते फेडल्यावर २ लाख रुपये कर्ज, व्याज शेकडा ५. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो, तेव्हा भावाभावांनी आधी घरात ठरवून घ्यावे. मात्र ज्याच्या दुकानात पंधराच कपडे येतात त्याने नवी इस्त्री घेण्यासाठी हे कर्ज काढू नये. इस्त्री नवी झाल्याने गिऱ्हाईक वाढत नाही. रुग्णालये, मंगल कार्यालये, वसतिगृहे ह्यांच्या चादरी-पडद्यांचे काम आधी पदरात पाडून घ्यावे आणि मग यंत्रासाठी पैसा उचलावा. ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथेही वय आड येत नाही. आमच्या सूनबाईंनी घर सांभाळून तेथूनच पदवी घेतली, आणि आमच्या वहीचे शुद्धलेखन त्याच तपासतात.

भोजनोत्तर आम्ही मंडपाच्या उत्तरेकडील बाजूस बसणार आहोत. ज्यांना विश्वकर्मा योजनेची माहिती हवी त्यांनी आधारपत्र, शिधापत्रिका आणि बँकेचे पुस्तक घेऊन यावे. ज्यांना नुसते बोलावयाचे असेल त्यांनी काहीच आणू नये. डाग काढण्याची ती वही सोबत आणली आहे. कोणास उतरून घ्यावयाची असल्यास पेन्सिल आपली आपण आणावी.