परक्या देशाची परीक्षा आणि वाटेवरचे ठक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हीही एक पुष्प गुंफावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात संतवाङ्मय किंवा निदान मराठी रंगभूमी असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले. परंतु आपल्या मंडळाची आजची स्थिती पाहा. पहिली पिढी नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडून या गावी आली. तिची मुले येथे शिकली आणि समुद्रापलीकडे गेली. आता तिसरे स्थलांतर सुरू आहे, ते आईवडिलांचे. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की तो आईवडिलांना कायम वास्तव्यासाठी बोलावून घेतो, त्यांना ज्याला सर्व जण ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात ते मिळते आणि त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे सत्तरीच्या आसपास, ही मंडळी तेथील नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतात. गणेशोत्सवात मांडवाबाहेरच्या खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांत आज हाच विषय चाललेला असतो.

आमचे थोरले बंधू त्यांपैकीच एक. २०१६ साली ते व वहिनी न्यू जर्सीला मुलाकडे राहावयास गेले आणि २०२२ साली दादांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्या वर्षी जे घडले ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. कारण त्यात दादांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, दोष आमचा आहे.

आधी परीक्षेविषयी थोडे सांगतो. ही परीक्षा म्हणजे तेथील अधिकाऱ्याने समोर बसवून घेतलेली मुलाखत असते. इंग्रजीतील एक वाक्य वाचावयाचे, एक लिहावयाचे आणि अमेरिकेचा इतिहास व राज्यव्यवस्था यांवरील प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावयाची. दादांच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती; त्यांतील दहापर्यंत विचारीत आणि सहा बरोबर आली की उत्तीर्ण. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांसाठी ती यादी १२८ प्रश्नांची झाली असून वीस प्रश्नांपैकी बारा बरोबर यावे लागतात. पहिल्या खेपेस जमले नाही, तर साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा एकदा संधी मिळते. ज्यांचे वय पासष्ट असून वास्तव्य वीस वर्षांचे झाले आहे त्यांना वीसच प्रश्नांची यादी तयार करावी लागते आणि इंग्रजीचीही सूट असते. दादांचे वास्तव्य पाच-सहा वर्षांचेच, त्यामुळे त्यांना सर्वच करणे भाग होते. त्यांनी ते आनंदाने केले. घटनेचे पहिले तीन शब्द कोणते, या प्रश्नाचे उत्तर पाहून त्यांना हसू आले. कारण आपल्या राज्यघटनेची उद्देशिकाही त्याच सर्वनामाने सुरू होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नऊच, हे मात्र त्यांना फार कमी वाटले!

मुख्य गोष्ट ही की, प्रश्नांची ही संपूर्ण यादी उत्तरांसह अमेरिकन सरकारच विनामूल्य देते. अर्जाचा नमुनाही विनामूल्य असतो. ‘पेपर फुटला आहे, इतक्या डॉलरांत मिळेल’ असे सांगणारा मनुष्य सरकार फुकट वाटते तेच विकत असतो. आपल्याकडे पेपरफुटीच्या बातम्या वाचून आपले कान त्या शब्दाला सरावलेले आहेत, म्हणून आपली माणसे अशा जाळ्यात सहज सापडतात.

दादांची पहिली चूक संकेतस्थळाची. मुलगा कामावर गेला असता त्याला त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच संगणकावर शोध घेतला. एका संकेतस्थळावर गरुडाचे चित्र होते, ध्वज होता, सरकारी थाटाची अक्षरे होती. तेथे त्यांनी नाव, जन्मतारीख, पत्ता, सर्व माहिती भरली आणि अर्जासाठी दीडशे डॉलर दिले. मागाहून कळले की ती खासगी मंडळी होती. सरकारचे त्या वेळचे ७२५ डॉलर शुल्क भरावयाचे तसेच राहिले होते. (एप्रिल २०२४ पासून ते कागदी अर्जास ७६० आणि संगणकावरून केलेल्या अर्जास ७१० डॉलर झाले आहे.) तेथील सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ ही अक्षरे असतात. गरुड कोणालाही काढता येतो, ती अक्षरे मात्र कोणालाही मिळत नाहीत.

दुसरा प्रसंग नोटरीचा. आपल्याकडे १९५२ चा नोटरी कायदा व १९५६ चे नियम यांनुसार नोटरी होण्यास साधारणतः दहा वर्षांची वकिली लागते. त्यामुळे पाटीवर ‘नोटरी’ वाचले की आपल्या मनात काळा कोट उभा राहतो. अमेरिकेतील नोटरी हा बहुधा सहीची साक्ष ठेवणारा साधा मनुष्य. तो वकील असलाच पाहिजे असे नाही आणि वकील नसेल तर कायद्याचा सल्ला देण्याचा त्याला अधिकारही नाही. दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेल्या लोकांची याच शब्दावरून इतकी फसवणूक झाली आहे की तेथे तिला नोटरीच्या नावानेच ओळखतात. आपलीही गत तीच व्हावयाची, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष वेधीत नाही. दादांना अशाच एका नोटरीने सुचविले की परीक्षा कशाला देता, पंधराशे डॉलर द्या, तुमची स्मरणशक्ती गेली आहे असे डॉक्टरचे प्रमाणपत्र मिळवून देतो. खऱ्या आजारी माणसासाठी अशी सवलत आहे, ती योग्यही आहे. खोट्या प्रमाणपत्राने मात्र अर्ज फेटाळला जातो, पुढचे सर्व धोक्यात येते आणि अशी प्रमाणपत्रे देणाऱ्यांना तेथील न्यायालयांनी शिक्षाही दिल्या आहेत. दादा तेथून उठून आले. कायद्याचे भय हे त्याचे कारण नव्हते. ज्या गृहस्थास पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे, त्याची स्मरणशक्ती गेली असे म्हटल्याचा त्यांना संताप आला होता.

तिसऱ्या प्रसंगाने मात्र आमचा घात केला.

एके दुपारी दादांना दूरध्वनी आला. बोलणारा स्वतःस इमिग्रेशन खात्याचा अधिकारी म्हणवीत होता. त्यास दादांचे नाव, जन्मतारीख, अर्ज केल्याचे, सर्व ठाऊक होते. ही माहिती त्या गरुडवाल्यांकडूनच गेली असा आमचा संशय आहे. पुरावा नाही. अर्जात गंभीर चूक आहे, दंड न भरल्यास अटक होईल, भारतात परत पाठविले जाईल आणि मुलाच्या नोकरीवरही त्याचा परिणाम होईल, असे तो म्हणाला. ‘कोणास सांगू नका, चौकशी गुप्त आहे’ हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले. दादांनी दुकानातून पाचशे डॉलरांची भेटकार्डे आणली आणि त्यांवरील आकडे त्याला वाचून दाखविले. मग दुसरा हप्ता निघाला. डॉलर उरले नाहीत म्हणताच त्याने हिंदुस्थानातील एका बँकेचा खातेक्रमांक दिला.

रात्री दादांनी आम्हांस फोन केला. “ऐंशी हजार भर, कारण विचारू नकोस, वहिनीलाही बोलू नकोस,” इतकेच म्हणाले. थोरल्या भावाचा शब्द. आम्ही दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खिडकीवरील मुलीने विचारले, “काका, हे खाते कोणाचे? तुमच्या ओळखीचे आहे का?” आम्ही तिला आपले काम पाहण्यास सांगितले. आम्ही जन्मभर लेखापरीक्षण खात्यात काढली. दुसऱ्यांच्या पावत्यांवर लाल खुणा केल्या. अमेरिकन सरकारचा दंड रुपयांत, तोही कोण्या खासगी इसमाच्या बचत खात्यात का भरावा लागतो, हा प्रश्न आम्हांस सुचू नये? त्या मुलीला तो सुचला होता.

तिसऱ्या हप्त्याच्या वेळी दादा सहज बोलून गेले की बोलणाऱ्याच्या मागे कोणीतरी “चहा सांग रे” असे मराठीत म्हणाले. तेव्हा आम्हांस ऑक्टोबर २०१६ आठवला. ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले होते. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथून तिकडच्या नागरिकांना धमकावले जात होते. त्याच महिन्यात अमेरिकेत छपन्न व्यक्ती आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरे यांच्यावर आरोप ठेवण्यात आले. ही मंडळी करखात्याप्रमाणेच इमिग्रेशन खात्याचेही सोंग घेत. जुलै २०१८ मध्ये त्या प्रकरणी एकवीस जणांना शिक्षा झाल्या, सर्वांत मोठी वीस वर्षांची. आपलीच पोरे आपल्याच वृद्धांना आपल्याच भूमीवरून भिववीत असतील, हा विचार आम्हांस पैशांपेक्षा अधिक बोचला.

तक्रार केली ती नवव्या दिवशी. हिंदुस्थानात अशा वेळी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावयाचा असतो. खात्यातून पैसा काढला जाण्यापूर्वी कळविले तर तो अडविता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांनी खाते रिकामे होते. पैसे मिळाले नाहीत.

पैशाचे दुःख ओसरले. दादांचे मात्र वेगळेच झाले. त्यांनी प्रश्नांची वही बंद करून ठेवली आणि मुलाखतीस जाणार नाही म्हणू लागले. मुलाच्या घरात राहावयाचे, त्याच्याच पैशाने चालावयाचे आणि त्यातून हा मूर्खपणा, तो त्याला कोणत्या तोंडाने सांगावयाचा? शेवटी वहिनींनीच पुतण्यास सांगितले. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “बाबा, मला का नाही सांगितले?” त्यावर दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, असे वहिनी सांगत होत्या. मग त्याने वडिलांना खात्याची खरी रीत समजावून दिली. शुल्क अर्जासोबतच भरले जाते. सूचना टपालाने किंवा अर्जदाराच्या सरकारी संगणकखात्यावर येतात. फोनवरून कोणी पैसे मागत नाही आणि भेटकार्डे तर जगातील कोणतेही सरकार घेत नाही. फोनवर दिसणारा क्रमांक खोटा दाखविता येतो. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात परीक्षेचे विनामूल्य वर्ग चालतात, तेथे त्याने वडिलांचे नाव घातले. दादा २०२३ च्या आरंभी मुलाखतीस गेले आणि पहिली सहाही उत्तरे बरोबर देऊन आले.

एक गोष्ट राहिली. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परके नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते, पारपत्र परत करावे लागते आणि पुढे हवे असल्यास ‘ओसीआय’ कार्ड घ्यावे लागते. ते नागरिकत्व नव्हे, मतदानाचा हक्क त्याने मिळत नाही. या कामासाठीही ‘दोन्ही पारपत्रे ठेवून देतो’ म्हणणारे दलाल आढळतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे.

प्रश्नांची सध्याची यादी, अर्जाचा कोरा नमुना आणि सरकारी संकेतस्थळांचे पत्ते मोठ्या अक्षरांत छापून आम्ही मंडळाच्या वाचनालयात ठेवले आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तेथे असतो. ज्यांच्याकडे असा एखादा फोन येऊन गेला आहे आणि ज्यांनी तो घरी सांगितलेला नाही, त्यांनी अवश्य यावे. दार लावून बसू. आमची ऐंशी हजारांची पावतीही तेथेच फाईलला लावलेली आहे.